बारीक अक्षरांतली माणसं

मिळालेली खुर्ची सोडू नका. ब्लूबर्ड कॅफेत सगळी मिळून 90 च्या आसपास माणसं मावतात आणि उशिरा आलेले अजून बाहेर ताटकळत आहेत. साल 2012, ऑक्टोबर नुकता लागलाय, शहर नॅशव्हिल. येताना तुम्ही ही जागा ओलांडून पुढे निघून गेला होतात. कंट्री संगीतातली एवढी नावाजलेली जागा म्हणजे काहीतरी डोळ्यांत भरणारं असणार, अशी तुमची समजूत. इथे तर हिल्सबरो पाइकच्या कडेला बैठ्या दुकानांची एक ओळ, पुढ्यात गाड्या लावायचं आवार आणि एका दारावर निळं कापडी छत. ब्रॉडवेवरचे लखलखते बार, काउबॉय बूट विकणारी दुकानं, दारात उभे राहून गिऱ्हाइकं ओढणारी मंडळी, हे सगळं इथून बरंच लांब राहिलं.

आत उजेड बेताचा आहे. भिंतींवर फोटोंची इतकी दाटी की भिंत शोधावी लागते. एका बाजूला छोटा मंच आहे, पण आज त्यावर कोणी नाही. खोलीच्या मधोमध चार खुर्च्या एकमेकींकडे तोंड करून मांडल्यात आणि त्यांवर गिटार घेऊन बसलेली चार माणसं. तुमचा गुडघा त्यांतल्या एकाच्या खुर्चीला लागतोय. शेजारच्याला काही विचारायला तुम्ही तोंड उघडता आणि मागून 'शूऽऽ' येतं. राग मानू नका. गाणं चालू असताना बोलायचं नाही हा इथला कायदा आहे आणि तो नव्याजुन्या सगळ्यांना सारखा.

पहिला गातो. आवाज ठीक. खरं सांगायचं तर ठीकपेक्षाही थोडा कमीच, वरच्या पट्टीत तो चिरकतो. मग दुसरा, मग तिसरी, मग चौथा, फिरून पहिला. प्रत्येक जण आपलं गाणं कसं सुचलं ते दोन वाक्यांत सांगतो, एखादा विनोद करतो आणि गाऊ लागतो. तिसऱ्या फेरीत तुम्ही दचकता. हे गाणं तुम्हाला माहीत आहे! पण ते दुसऱ्याच कुणाच्या आवाजात, मोठ्या वाद्यमेळासकट, भरल्या स्टेडियमनं एकदिलानं म्हटलेलं. ज्यानं ते लिहिलं तो हातभर अंतरावर बसलाय आणि रस्त्यात भेटला असता तर तुम्ही त्याला वाट विचारून पुढे गेला असतात.

आकाशवाणीवर वाढलेल्या कानांना हे चमत्कारिक वाटेल. आपल्याकडे निवेदक गीतकाराचं, संगीतकाराचं नाव घेतल्याशिवाय गाणं लावत नसे. अमेरिकेतल्या रेडिओवर गायकाचं नाव घेतलं की निवेदकाचं काम संपलं. आणि गंमत अशी, की त्याच रेडिओवर गाणं वाजलं की पैसे मिळतात ते गीतकाराला आणि त्याच्या प्रकाशकाला, गायकाला छदामही नाही. तिथला कायदाच तसा आहे. नाव एकाचं, मानधन दुसऱ्याचं. ही वाटणी ध्यानात असू द्या. ज्या अल्बमसाठी तुम्हाला इथवर आणलंय, तो तिच्याशिवाय उलगडत नाही.

त्या अल्बमचं नाव लांबलचक आहे: 'द म्युझिक ऑफ नॅशव्हिल : सीझन 1, व्हॉल्यूम 1'. तो अजून निघायचा आहे, दुकानात यायला 11 डिसेंबर उजाडेल. ज्या मालिकेची ही गाणी, ती 'नॅशव्हिल' देखील अजून सुरू झालेली नाही. एबीसी वाहिनीवर 10 ऑक्टोबरच्या बुधवारी रात्री तिचा पहिला भाग लागेल. मधल्या दिवसांत आपण जरा मागे जाऊन येऊ.

21 ऑगस्ट 1961. उकाडा आहे. सोळाव्या अ‍ॅव्हेन्यूवर एका घराच्या मागे अर्धगोल पत्र्याची, लष्करी धाटणीची शेड आहे. सगळे तिला क्वॉन्सेट हट म्हणतात. ओवेन ब्रॅडलीचा हा स्टुडिओ. पुढे या गल्ल्यांना म्युझिक रो म्हणतील आणि बंगलीबंगलीत प्रकाशकांच्या पाट्या लागतील. त्या सगळ्याचं बी या पत्र्याखाली पडलंय. तुम्ही भिंतीला टेकून उभे राहा, वाटेत येऊ नका. गायिका पॅट्सी क्लाइन कुबड्यांवर आत येते. जूनमध्ये मोटारीच्या भीषण अपघातातून ती वाचली. कपाळावरची खूण तुम्हाला दिसते, बरगड्यांचं दुखणं मात्र तिचं तिलाच ठाऊक. तीन तासांत चार गाणी उरकायची अशी इथली रीत आहे. आज एकाच गाण्यात सगळा वेळ गेला आणि तरी वरचा सूर लागेना, कारण त्या सुरासाठी श्वास भरला की बरगडी टोचते. ब्रॅडली वाद्यं ध्वनिमुद्रित करून घेतो आणि तिला घरी पाठवतो. काही आठवड्यांनी ती परत येईल आणि एका दमात गाऊन मोकळी होईल.

गाणं 'क्रेझी'. लिहिणारा 28 वर्षांचा टेक्सासचा तरुण, विली नेल्सन. गेल्याच वर्षी नशीब काढायला इथे आलेला, पॅम्पर म्युझिक नावाच्या प्रकाशकाकडे आठवड्याला 50 डॉलरवर गाणी लिहिणारा. गायक म्हणून त्याला अजून कोणी विचारत नाही. तालाच्या मागे-पुढे रेंगाळत गायची त्याची लकब लोकांच्या पचनी पडलेली नाही. पुढे तो जगभर ओळखला जाईल, पण ही झाली एकाची गोष्ट. त्या काळात त्याच्यासारखी आठवड्याच्या पगारावर लिहिणारी बाकीची मंडळी कुठे गेली, ते तबकडीच्या मधल्या गोल कागदावर कंसातल्या बारीक अक्षरांत पाहायचं. भिंग असेल तर.

आता पुन्हा त्याच ब्लूबर्डमध्ये, 1985 साली. एमी कर्लंड नावाच्या बाईंनी तीन वर्षांपूर्वी हे हॉटेल काढलं ते चांगलंचुंगलं खाऊ घालायला. वडील व्हायोलिनवादक, नॅशव्हिलच्या कितीतरी ध्वनिमुद्रणांत वाजवलेले. त्यामुळे कोपऱ्यात मंच आला आणि हळूहळू जेवणापेक्षा गाण्याची गर्दी वाढली. आज रात्री डॉन श्लिट्झ, टॉम स्कायलर, फ्रेड नॉब्लॉक आणि पॉल ओव्हरस्ट्रीट या चौघांनी मंचाकडे पाठ फिरवून खुर्च्या खोलीच्या मध्ये ओढल्यात. श्लिट्झ हा 'द गॅम्बलर'चा कर्ता. विशीत असताना व्हँडरबिल्ट विद्यापीठात रात्रपाळीला संगणक सांभाळायचा आणि गाणी लिहायचा. ते गाणं केनी रॉजर्सनं अमेरिकेच्या घराघरांत नेलं. श्लिट्झनं ते आज स्वतःच्या पद्धतीनं म्हटलं आणि खोलीत जे पसरलं त्याला मी तरी अदब म्हणेन. ही गोलाची बैठक मग कायमची झाली. मंचावर एक जण आणि खाली श्रोते ही मांडणी मोडली की गाणं कोणाचं हा प्रश्नच मिटतो, समोरच्या माणसाच्या तोंडून ते आलेलं दिसतं. नॅशव्हिलनं जगाला दिलेली ही सगळ्यात मोठी गोष्ट, स्टार-बिर नंतर.

2004 चा नोव्हेंबर धावता पाहून घ्या, कारण त्याच्याशिवाय पुढचा एक धागा सुटेल. याच खोलीत अजून 15 पुरी न झालेली एक मुलगी स्वतःची गाणी म्हणतेय. श्रोत्यांत स्कॉट बोर्चेटा नावाचा एक रेकॉर्ड कंपनीतला माणूस आहे. मुलगी टेलर स्विफ्ट. पुढच्या वर्षी बोर्चेटा स्वतःची बिग मशीन रेकॉर्ड्स काढेल. आपला अल्बम काढणारी कंपनी तीच.

2012 चा वसंत. आता तुम्ही स्टुडिओत, काचेच्या अलीकडच्या सोफ्यावर. आत पाच-सहा वादक आहेत आणि त्यांच्यासमोर स्वरलिपी नाही. एकेक कागद, त्यावर नुसते आकडे. 1, 4, 5, मग 6, त्याला उणे चिन्ह. नॅशव्हिलची ही आकड्यांची पद्धत 1950 च्या दशकाच्या शेवटी जॉर्डनेअर्स या गायकवृंदातल्या नील मॅथ्यूजनं सुरू केली. तुम्हाला ती पाच मिनिटांत समजेल, अमेरिकेच्या इतर शहरांतून आलेल्या वादकाला दोन दिवस लागतात. कारण आपला सा जिथे धराल तिथे असतो, काळी एक म्हणा नाहीतर पांढरी पाच, पुढचं नातं बदलत नाही. इथे 1 हा तसाच सरकता. गाणारीला पट्टी झेपली नाही तर निर्माता एवढंच सांगतो, 'अर्धा सूर खाली,' आणि कागद न बदलता सगळे खाली येतात.

आज गाणारीला झेपणं फार महत्त्वाचं आहे, कारण ती गायिका नाही. कॉनी ब्रिटन अभिनेत्री आहे, आणि तिला रेना जेम्स व्हायचंय, वीस वर्षं कंट्रीची राणी असलेली, आता तिकीटविक्री ओसरलेली बाई. समोरच्या खुर्चीत निर्माता टी बोन बर्नेट. 'ओ ब्रदर, व्हेअर आर्ट दाऊ?' या चित्रपटाचा अल्बम त्यानं केला होता आणि त्याला 2002 साली वर्षाच्या सर्वोत्तम अल्बमचं ग्रॅमी मिळालं होतं. जुन्या डोंगराळ गाण्यांचा तो संग्रह रेडिओनं फारसा न वाजवताही धो धो खपला. बर्नेटची बायको कॅली खूरी. 'थेल्मा अँड लुईस'च्या पटकथेसाठी ऑस्कर मिळवलेली, तरुणपणी नॅशव्हिलमध्ये राहिलेली, आणि आता या मालिकेची जननी. मालिका लॉस एंजेलिसमध्ये खोटं नॅशव्हिल उभारून नव्हे, तर इथेच चित्रित होतेय, आणि नटनट्यांनी स्वतः गायचंय.

ब्रिटनच्या आवाजात वरचा मजला नाही. बर्नेट तो शोधतही बसत नाही. तो तिला खाली, बोलण्याच्या जवळ ठेवतो, जिथे तिचा आवाज थोडा खरखरतो आणि वयाचा वाटतो. मला विचाराल तर या अल्बममधली सगळ्यात हुशार गोष्ट ही. हेडन पॅनेटिअर, म्हणजे गोष्टीतली तरुण प्रतिस्पर्धी ज्युलिएट बार्न्स, हिची अडचण उलटी. तिच्या वाट्याला रेडिओवर चालतील अशी चकचकीत गाणी, आणि ती ती चोख गाते, इतकी चोख की पात्राचा कडवटपणा सुटून गाणं तेवढं उरतं. चार्ल्स एस्टन हा रेनाचा जुना प्रियकर, गिटारवादक डीकन होणार. लंडनच्या रंगभूमीवर त्यानं बडी हॉली रंगवला होता, गिटार त्याच्या अंगवळणी पडलेली. आणि स्कार्लेट व गनर, मालिकेतले अस्सल दक्षिणी अमेरिकन वाटणारे दोघे? क्लेअर बोवेन ऑस्ट्रेलियाची, सॅम पलाडिओ इंग्लंडचा. हे कळल्यावर नॅशव्हिलकर थोडे हिरमुसतात, मग गाणं ऐकून माफ करतात.

आता मुख्य मुद्दा. दर आठवड्याला एक भाग, भागात तीन-चार गाणी, आणि प्रत्येक गाणं कथेत बसणारं हवं. इतकी गाणी आणायची कुठून? उत्तर या शहराच्या कपाटांत आहे. म्युझिक रोवर रोज सकाळी दहा-अकराला दोन-तीन लेखक एका खोलीत भेटतात, कॉफी पितात, दुपारपर्यंत एक गाणं लिहितात. प्रकाशक त्याचा डेमो करतो, गायकांच्या माणसांकडे पाठवतो. एखादा मोठा गायक ते 'होल्ड'वर ठेवतो, म्हणजे दुसऱ्याला देऊ नका, मी घेईन कदाचित. महिने जातात. मग निरोप येतो, नाही घेत. गाणं वाईट असतं म्हणून नव्हे. ते हळू असतं, किंवा त्यातली बाई दुःखी असून शेवटी सुधारत नाही, किंवा त्यात पिकअप ट्रक नसतो. 2012 मधला कंट्री रेडिओ लावून पाहा: ट्रक, बिअर, नदीकाठची पार्टी. आपला अल्बम येईल त्याच डिसेंबरात कंट्रीच्या यादीच्या डोक्यावर फ्लोरिडा जॉर्जिया लाइनचं 'क्रूझ' असेल, आणि मध्ये खाली उतरलं तरी पुढच्या वर्षी ते पुन्हा महिनोन् महिने तिथे ठाण मांडेल.

मालिकेला मात्र नेमकी हीच नाकारलेली गाणी हवीत. भांडण झालेल्या रात्रीचं गाणं, जुन्या प्रियकरासमोर न बोललेलं गाणं, वयात आलेल्या मत्सराचं गाणं. रेडिओला जे जड होतं ते कथेला वजन देतं. बर्नेट आणि त्याची माणसं म्युझिक रोचे डेमो चाळतात, ओळखीच्या लेखकांना हाक मारतात. एल्व्हिस कॉस्टेलोसारखा ब्रिटिश खोडकर 'ट्विस्ट ऑफ बार्बवायर' देतो. आणि कपाटं उघडतात.

10 ऑक्टोबर, रात्रीचे 9. एका गीतकाराच्या घरी तुम्ही सोफ्यावर दाटीवाटीनं बसलाय. यजमानीण पॉपकॉर्न फिरवतेय, यजमान गप्प आहे. आज देशभर 90 लाखांच्या जवळपास माणसं हा भाग बघतायत. रेनाच्या दौऱ्याची तिकिटं खपत नाहीत. कंपनी सांगते, ज्युलिएटबरोबर फिर, तिच्या आधी गा. रेना नकार देते. घरातले सगळे हसतात, कारण अशा बैठका त्यांनी पाहिल्यात. पण खरी नजर कुठे आहे? भागाच्या शेवटाकडे. पडद्यावर ब्लूबर्ड येतं, आणि खोलीतला प्रत्येक जण भिंतीवरचे फोटो, टेबलं, खुर्च्या तपासू लागतो. पुढच्या भागांसाठी हे ब्लूबर्ड स्टुडिओत जसंच्या तसं उभारलंय, भिंतीवरच्या फोटोंसकट.

मंचावर स्कार्लेट आणि गनर. गोष्टीत स्कार्लेट ही ब्लूबर्डमध्ये वाढपी, वहीत कविता खरडणारी भिडस्त मुलगी. गनरनं तिची कविता वाचली आणि म्हणाला, हे गाणं आहे. आता ती माइकसमोर उभी, डोळे खाली. गाणं 'इफ आय डिडन्ट नो बेटर'. दोन आवाज एकमेकांना चिकटतात, सुटतात, पुन्हा येतात. मागे बसलेला म्हातारा निर्माता वॉटी व्हाइट फोन काढतो, रेनाला लावतो आणि काही न बोलता फोन गाण्याच्या दिशेनं धरतो. वॉटीचं काम करतोय जे. डी. साउदर, ईगल्सच्या 'न्यू किड इन टाउन'च्या लेखकांपैकी एक. गीतकारानं नव्या गीतकाराचं गाणं फोनवर ऐकवायचं, हे ज्यानं सुचवलं त्याला या शहराची नाडी सापडली होती.

पण इथे एक मिनिट थांबा. ती कविता स्कार्लेटची नाही. स्कार्लेट नाहीच. ते गाणं जॉन पॉल व्हाइट आणि अरम रे यांनी लिहिलं, आणि व्हाइट व जॉय विल्यम्स यांची जोडी, 'द सिव्हिल वॉर्स', ते 2009 सालीच एका छोट्या जागी लोकांसमोर गाऊन बसली होती. ज्या मालिकेनं अमेरिकेला दाखवलं की गाणी कोणीतरी लिहितं, त्या मालिकेनं गाणं लिहिण्याचा मान एका काल्पनिक मुलीला दिला. मी याला अन्याय म्हणत नाही, गोष्ट अशीच सांगावी लागते. पण घरोघरी टीव्हीसमोर बसलेली माणसं उद्या सकाळी स्कार्लेटचं गाणं म्हणून ते शोधतील, आणि यजमान गप्प का होता ते तुम्हाला आता कळलं असेल.

पुढच्या बुधवारी रेना आणि डीकन ब्लूबर्डमध्ये समोरासमोर बसून 'नो वन विल एव्हर लव्ह यू' म्हणतात. कितीतरी वर्षं मनात कोंडलेलं सगळं त्या गाण्यात येतं असा आभास ब्रिटन आणि एस्टन उभा करतात, आणि गाणं संपल्यावर ती पळत बाहेर जाते. त्याचा लेखक परत तोच, जॉन पॉल व्हाइट, यावेळी स्टीव्ह मॅक्यूअनबरोबर. दोन आठवड्यांत दोन्ही भागांचा कळस एकाच माणसाच्या लेखणीतून आलेला.

तो माणूस सध्या कुठे आहे, ते पाहायला नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात युरोपात चला. 'द सिव्हिल वॉर्स'चा दौरा चालू होता. होता म्हणायचं, कारण त्यांनी उरलेले कार्यक्रम रद्द केल्याचं आताच जाहीर केलंय, आणि कारण म्हणून आपसातला बेबनाव सांगितलाय. व्हाइट आणि विल्यम्स नवरा-बायको नव्हते. दोघांचे संसार वेगळे, आणि मंचावर मात्र श्रोत्यांना वाटायचं की यांचं काहीतरी आहे. तिकडे अमेरिकेत दर बुधवारी गनर आणि स्कार्लेट एकमेकांकडे बघत गातायत, आणि प्रेक्षक विचारतायत, यांचं जमणार का? असली योगायोगाची कथा पटकथेत कोणी लिहिली असती तर खूरीनं फाडून टाकली असती. ही जोडी पुन्हा एकत्र गाणार नव्हती. 2014 मध्ये ती अधिकृतपणे मोडली.

11 डिसेंबर. दुकानात सीडी आली. मुखपृष्ठावर मालिकेतले चेहरे, गाण्यापुढे नटांची नावं. हे चांगलं केलं, पात्रांच्या नावानं अल्बम काढायचा मोह टाळला. आतला कागद उलगडा आणि बारीक अक्षरं वाचा. 'फेड इन्टू यू' : मॅट जेन्किन्स, ट्रेव्हर रोझेन, शेन मॅकनॅली. 'टेलिस्कोप' : हिलरी लिंडसी आणि कॅरी बार्लो. 'अंडरमाइन' : ट्रेंट डॅब्ज आणि केसी मस्ग्रेव्ह्ज.

शेवटच्या नावावर बोट ठेवा. 2012 च्या डिसेंबरात मस्ग्रेव्ह्ज हे नाव फार थोड्यांना ठाऊक आहे. तिचं पहिलं गाणं रेडिओला नुकतंच गेलंय आणि त्यावर मॅकनॅलीचंही नाव आहे. तिचा पहिला मोठा अल्बम मार्च 2013 मध्ये येईल आणि 2014 च्या जानेवारीत त्याला सर्वोत्तम कंट्री अल्बमचं ग्रॅमी मिळेल. रोझेन पुढे 'ओल्ड डोमिनियन' या बँडमधून स्वतः मंचावर जाईल. म्हणजे तुमच्या हातात टीव्ही मालिकेची आठवण म्हणून विकली जाणारी वस्तू आहे, आणि आत नॅशव्हिलच्या येत्या दहा वर्षांची हजेरी लागलीय. विकणाऱ्यालाही ते माहीत नाही.

पैशाचा हिशेब तुम्ही विचारणारच, तर तो करून टाकू. 2012 मध्ये अमेरिकेत गाण्याची एक प्रत विकली गेली की गाणं लिहिणाऱ्याच्या बाजूला कायद्यानं ठरलेले 9.1 सेंट मिळतात. इंटरनेटवरच्या दुकानात ते गाणं 1.29 डॉलरला आहे. 9.1 मधला साधारण अर्धा वाटा प्रकाशकाचा. उरले साडेचार सेंट. गाणं तिघांनी लिहिलं असेल तर प्रत्येकाच्या हातात दीड. एक लाख प्रती खपल्या तर माणशी 1,500 डॉलर. टीव्हीवर वापरल्याचं वेगळं मिळतं, रेडिओवर वाजलं तर त्याहून बरं. म्हणूनच 'टेलिस्कोप' कंट्री रेडिओला पाठवलं गेलं तेव्हा म्युझिक रोवर कान टवकारले होते. रेडिओला मालिकेतल्या गायिकेचं फार कौतुक वाटलं नाही. गाणं थोडं वाजलं आणि उतरलं.

इथून पुढचं झटपट. अल्बमचा दुसरा भाग, 'व्हॉल्यूम 2', मे 2013 मध्ये आला. पहिल्या हंगामानंतर बर्नेट बाहेर पडला आणि संगीताची सूत्रं बडी मिलरनं घेतली, नॅशव्हिलमध्येच राहणारा, घरातच रेकॉर्डिंग करणारा. मालिकेचं कथानक नंतर अपघात, खून, विमानं आणि चोरीच्या मार्गाला लागलं. मी त्यातलं फारसं मनावर घेतलं नाही, गाणी मात्र आठवड्याला येत राहिली. एबीसीनं 2016 मध्ये मालिका बंद केली, सीएमटी वाहिनीनं उचलली, आणि जुलै 2018 मध्ये 124 व्या भागानं ती संपली.

शेवटचा थांबा पुन्हा हिल्सबरो पाइकवरचा, मालिका ऐन भरात असतानाचा. ब्लूबर्डच्या दारातली रांग आवारातून रस्त्याकडे वळलीय. 2008 पासून हा कॅफे गीतकारांच्याच संघटनेच्या मालकीचा आहे, कर्लंडबाईंनी तो त्यांच्या हाती सोपवला. राखीव जागा इंटरनेटवर खुल्या झाल्या की काही मिनिटांत संपतात. रांगेत ओहायोचे लोक आहेत, जर्मनीचे आहेत, आणि पुष्कळांना डीकन कधी येतो हे विचारायचंय. आत गेल्यावर त्यांना चार अनोळखी माणसं दिसतील. काहींचा विरस होईल. काही 'शूऽऽ' ऐकून गप्प बसतील आणि तिसऱ्या फेरीत दचकतील. तिकीट तेवढ्याचंच होतं.

तुम्ही परत आलात की अल्बम जरूर ऐका, पण माझ्या क्रमानं. आधी 'द सिव्हिल वॉर्स'चं 2009 सालचं 'लाइव्ह अ‍ॅट एडीज अ‍ॅटिक' काढा, त्यावर व्हाइट आणि विल्यम्स यांनी म्हटलेलं 'इफ आय डिडन्ट नो बेटर' आहे. मग पलाडिओ आणि बोवेन. त्यानंतर 'नो वन विल एव्हर लव्ह यू', आणि 'अंडरमाइन' संपलं की थेट मस्ग्रेव्ह्जचा 'सेम ट्रेलर डिफरंट पार्क'. 'टेलिस्कोप' वगळलंत तरी चालेल.